रोगी मासा आणि रिकामी टाकी

आमच्या शाळेच्या प्रवेशदालनांत गेल्या वर्षीं जून महिन्यांत खाऱ्या पाण्याची एक कांचेची टाकी आली, आणि नाताळच्या सुटीपूर्वींच तींतील शेवटचा मासा मेला. एका माजी विद्यार्थ्यानें ती मोठ्या प्रेमानें शाळेस दिली होती. आतां ती पुन्हां भरावी असा विचार चालला आहे, व लवकरच तो प्रश्न व्यवस्थापक मंडळापुढें यावयाचा आहे. या बाबतींत माझें मत मीं शिक्षकांच्या बैठकींत सांगितलें, तेव्हां कित्येकांना तें विक्षिप्तपणाचें वाटलें. म्हणून तें येथें सविस्तर लिहितों. माझें म्हणणें एवढेंच कीं, भरलेल्या टाकीशेजारीं दुसरी रिकामी टाकी बाळगण्याची ज्यांची तयारी नसेल, त्यांनीं पहिलीहि ठेवूं नये.

प्रथम झालेला प्रकार सांगितला पाहिजे. कारण त्यांत मुख्य दोष माझा आहे, आणि तो मीं लपवून ठेवला तर पुढील उपदेशास कांहींच किंमत राहणार नाहीं.

टाकी चार फूट लांब होती. तळाशीं शिंपल्यांची बारीक वाळू, वर थोडे दगड, दोन क्लाउन मासे, तीन निळे डॅमसेल, कांहीं शंखांतल्या गोगलगायी, आणि तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांची एक कोळंबी असा तो संसार होता. क्लाउन माशास २००३ सालच्या एका इंग्रजी चित्रपटापासून सारीं मुलें ‘निमो’ याच नांवानें ओळखतात. प्रार्थनेची घंटा झाली तरी लहान वर्गांतील मुलें त्या कांचेस नाक लावून उभीं असत व त्यांना हलविणें कठीण जाई. आठवीच्या वर्गाकडे टाकीची देखरेख होती, आणि त्या वर्गांतील एका मुलीनें रोजच्या निरीक्षणाची वही घातली होती. दिवाळीच्या सुटीनंतर शहरांतील एका दुकानांतून एक निळा सर्जन मासा आणला गेला. तो पिशवींतून काढून, पाण्याची उष्णता थोडी जुळवून, आम्हीं त्याला सरळ टाकींत सोडलें. मुलांनीं टाळ्या वाजविल्या. मींहि वाजविल्या.

चौथ्या दिवशींच्या पानावर त्या मुलीनें लिहिलें आहे: नवा मासा भराभर तोंड उघडतो व हवेच्या नळीजवळच उभा राहतो. त्या पानाखालीं मीं लाल शाईनें सही केली आणि शुद्धलेखनाची एक चूक दुरुस्त केली. तिनें काय लिहिलें आहे हें मीं पाहिलें नाहीं; कसें लिहिलें आहे एवढेंच पाहिलें. त्याच दुपारीं आमच्या प्रयोगशाळेचे सेवक मला म्हणाले, “सर, ह्याला दम लागलाय. बाजारांत असता तर मी घेतला नसता.” ते वेसाव्याच्या कोळीवाड्यांतले आहेत. माशाचा कल्ला पाहून त्याची पारख करण्याची विद्या त्यांच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. मी विज्ञानाचा पदवीधर. मीं मान हलविली आणि तासावर गेलों. (आपल्या प्रभूचे पहिले शिष्य कोळीच होते, हें मी रविवारच्या शाळेंत दरवर्षीं शिकवितों.)

सहाव्या दिवशीं त्या माशाच्या अंगावर मिठाचे कण शिंपडावे तसे पांढरे ठिपके दिसूं लागले. मग मात्र धांवपळ झाली. दुकानांतून औषध आणलें. त्यांत तांब्याचा क्षार होता. बाटलीवरील मापापेक्षां थोडें अधिकच, कारण रोग जोराचा वाटला, असें तें सगळ्या टाकींत ओतलें. दोन दिवसांत कोळंबी मेली, गोगलगायी एकामागून एक कांचेवरून गळून पडल्या. परंतु नवव्या दिवशीं ठिपके नाहींसे झाले! मासा बरा झाला असें मीं प्रार्थनेच्या वेळीं सर्व शाळेस जाहीर केलें. पुढें एकाच आठवड्यांत ठिपके परत आले, आणि आतां ते एकट्या सर्जन माशावर नव्हते. सर्वांच्या अंगावर, पंखांवर व डोळ्यांवर होते. डिसेंबरच्या मध्याला टाकींत नुसतें पाणी उरलें.

या रोगास कारण होणारा जंतु इतका सूक्ष्म असतो कीं, सुटा तरंगत असतां तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीं. जपानांत सिकामा या संशोधकानें १९३७ सालीं त्याचें वर्णन केलें, आणि पुढें इंग्लंडांत ब्राउन यांनीं १९५१ सालीं त्याला क्रिप्टोकॅरिऑन इरिटान्स हें नांव दिलें. मरीन ड्राइव्हवरील आपलें तारापोरवाला मत्स्यालय त्याच सालीं उघडलें हा केवळ योगायोग; पण चर्नी रोड स्टेशनावर उतरून जे बालपणीं तेथें रांगेंत उभे राहिले आहेत, त्यांना हें साल लक्षांत ठेवण्यास सोपें जाईल.

या जंतूच्या आयुष्याचे चार टप्पे आहेत, आणि आमचा सारा अनर्थ ते ठाऊक नसल्यामुळें झाला. माशाच्या कातडींत व कल्ल्यांत शिरून तो तीन ते सात दिवस पोसला जातो. आपणांस दिसतो तो ठिपका हाच. पोट भरलें म्हणजे तो आपण होऊन माशाला सोडतो व तळाशीं, वाळूंत किंवा दगडावर, जागा शोधतो. तेथें स्वतःभोंवतीं कवच करून तो आंतल्या आंत विभागत जातो, आणि एका कवचांतून शंभर-दोनशें, कधीं त्याहूनहि अधिक पिलें बाहेर पडतात. कवच फुटण्यास कमींत कमी तीन दिवस लागतात. कधीं चार आठवडे, तर कधीं त्याहूनहि जास्त. बाहेर पडलेल्या पिलाला एकदोन दिवसांत मासा सांपडला नाहीं तर तें मरतें. यावरून वाचकांच्या ध्यानांत येईल कीं, नवव्या दिवशीं आमच्या माशावरील ठिपके गेले ते औषधानें नव्हे. पोट भरलेले जंतु वाळूंत वंशवृद्धि करावयास गेले होते, आणि त्या दिवशीं मी प्रार्थनागृहांत आनंदाची वार्ता सांगत होतों. ठिपका कातडीखालीं असतांना तांबें त्याला पोंचतच नाहीं. कवचांत असतांनाहि नाहीं. तें लागू पडतें तें फक्त मोकळ्या पोहणाऱ्या पिलाला.

आणि आमच्या टाकींत तेंहि लागू पडलें नसतें. शिंपल्यांची वाळू तांबें शोषून घेते. म्हणजे औषधाचा जोर जंतूवर चालण्याइतका टिकला नाहीं, पण कोळंबी व गोगलगायी मारण्यास मात्र पुरला. त्या मेल्या, कुजल्या, आणि त्यांच्यापासून पाण्यांत अमोनिया झाला. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास असतो. ७ पीएचच्या पाण्यांत अमोनियाचा जो अंश विषारी रूपांत असतो, त्याच्या दसपटीहून अधिक अंश ८.२ ला त्या रूपांत जातो. रोगानें कल्ले आधींच खराब झालेले, त्यांत हें विष. शिवाय खारें पाणी गोड्या पाण्यापेक्षां सुमारें पांचवा हिस्सा प्राणवायु कमी धरतें. त्या माशांना रोगानें मारलें कीं औषधानें, हें मला आजहि निश्चित सांगतां येत नाहीं.

गोड्या पाण्यांतील माशांनाहि पांढरे ठिपके येतात. पण तो जंतु वेगळा. तेथें पाणी थोडें गरम करून मीठ घातलें तर पुष्कळदां गुण येतो, आणि आपल्याकडे घरोघरीं मासे पाळणारे लोक बहुधा गोड्या पाण्यांतच शिकलेले असल्यामुळें तोच उपाय खाऱ्या पाण्याला लावूं पाहतात. समुद्रांतील जंतूला मिठाचें काय भय! गोड्या पाण्यांतला मासा पाणी पीत नाहीं म्हटलें तरी चालेल. समुद्रांतल्या माशाच्या शरीरांतील पाणी मात्र सतत बाहेर ओढलें जातें व तें भरून काढण्यासाठीं त्याला सारखें समुद्राचें पाणी प्यावें लागतें. म्हणून त्या पाण्यांत आपण जें ओततों तें त्याच्या पोटांत जातें, आणि त्याच्या कातडीस जखमा झाल्या म्हणजे तो समुद्रांत असूनहि तहानेनें क्षीण होऊं लागतो.

मग करावें काय? प्रथम बाटलीला हात लावूं नये, हें माझें पहिलें सांगणें. हातांत घड्याळ घ्यावें आणि एका मिनिटांत कल्ल्याची किती उघडझांप होते तें मोजावें. मासा निरोगी असतांनाच हा आंकडा वहींत टिपलेला असला तर आजाराच्या दिवशीं तुलना करतां येते. नाहीं तर मोजण्यास अर्थ नाहीं. मग पाणी तपासावें: अमोनिया, नायट्राइट, उष्णता, क्षारता. निम्म्याहून अधिक वेळां ‘रोगी’ मासा हा रोगी नसून त्याचें पाणी रोगी असतें, असें माझें मत झालें आहे. नवी टाकी भरल्यानंतर अमोनियाचें रूपांतर करणारे उपयुक्त सूक्ष्मजंतु वाढण्यास सुमारें चार ते सहा आठवडे लागतात. तेवढा धीर आपणांस नसतो, व त्या अवधींत मासे धापा टाकूं लागले कीं आपण त्यांना औषध पाजतों.

पाण्याविषयीं आपल्या उपनगरांतील मुलांनीं मला दोन प्रश्न वारंवार विचारले आहेत. एक असा कीं, वर्सोव्याचा समुद्र इतका जवळ असतां विकतचें मीठ कशाला? त्याचें उत्तर पावसाळ्यांत खाडीच्या तोंडाशीं उभें राहिलें म्हणजे मिळतें. त्या चार महिन्यांत खाडीचें पाणी पावसानें पातळ होतें, आणि बाकीच्या आठ महिन्यांतहि किनाऱ्याच्या पाण्यांत शहराचें सांडपाणी मिसळलेलें असतें. दुसरा प्रश्न मुलुंडकडून येणाऱ्या एका मुलानें विचारला, व तो मला फार आवडला: मुलुंड, भांडुप, कांजूर या बाजूस मिठागरें आहेत, तेथलें मीठ समुद्राचेंच ना, मग तें नळाच्या पाण्यांत विरघळवलें तर समुद्र तयार होणार नाहीं काय? होणार नाहीं. मिठागरांत पाणी आटूं लागलें म्हणजे चुन्याचे क्षार आधीं खालीं बसतात, मग आपल्या खाण्याचें मीठ जमतें, आणि मॅग्नेशियमचे क्षार मागें उरलेल्या कडू पाण्यांत राहतात. समुद्राचे असे तुकडे झाल्यावर त्यांतील एकच तुकडा घेऊन समुद्र परत जोडतां येत नाहीं. म्हणून सर्व क्षार योग्य प्रमाणांत असलेलें तयार मिश्रण घ्यावें, नळाच्या पाण्यांतील क्लोरीन आधीं काढावा, आणि विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास आहे कीं नाहीं हें यंत्रानें पाहावें. जिभेनें पाहूं नये. आमच्या टाकीच्या बाबतींत तेंहि झालें होतें.

पाणी ठीक असून मासा धापा टाकीत असेल तर मग रोगाचें नांव शोधावें. ठिपके मिठाच्या कणांएवढे, सुटे व मोजतां येण्याजोगे असतील तर बहुधा वर वर्णिलेला रोग. अंगावर फार बारीक, सोनेरी धुळीसारखा थर विजेरीच्या तिरप्या उजेडांत दिसत असेल तर तो वेगळा व अधिक भयंकर. त्याच्या जंतूचें नांव अ‍ॅमिलोऊडिनियम, आणि तो कांहीं दिवसांत सारी टाकी रिकामी करतो. क्लाउन माशाच्या कातडीवरून चिकट पांढरा स्राव सुटत असेल तर तिसराच, ब्रुकलिनेला नांवाचा. पहिल्या दोहोंवर तांबें चालतें. तिसऱ्यावर चालत नाहीं, त्याला जाणत्या माणसाच्या हातून फॉर्मालिनचें स्नान लागतें. एकच बाटली तिहींवर कशी चालेल? ज्या शाळेंत सूक्ष्मदर्शक आहे तिला येथें अडचण नसावी. मासा मेला तर तो कचऱ्यांत न टाकतां ताबडतोब त्याच्या कल्ल्याचा बारीक तुकडा समुद्राच्या पाण्याच्या थेंबांत ठेवून शंभरपट मोठा करून पाहावा. हळूहळू गरगर फिरणारा अपारदर्शक गोळा, न हलणारा काळसर पेरूच्या आकाराचा दाणा, आणि झपाट्यानें सरकणारा घेवड्याच्या दाण्यासारखा चपटा प्राणी, हीं तिन्ही रूपें आठवीच्या मुलालाहि वेगवेगळीं ओळखतां येतील. आमच्या प्रयोगशाळेंत सहा सूक्ष्मदर्शक आहेत. गेल्या डिसेंबरांत त्यांतल्या एकावरचेंहि आवरण निघालें नाहीं. याच अंधेरींत, वर्सोव्यास, १९६१ सालीं स्थापन झालेली केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे, व माशांचें आरोग्य हा तेथील अभ्यासाचा विषय आहे. पण आम्हांला आठवलें तें दुकान.

आतां रिकाम्या टाकीविषयीं. चाळीसएक लिटरांची एक साधी टाकी असावी. तींत वाळू नको, दगड नको. लपावयास प्लास्टिकच्या नळाचा एक तुकडा, आणि स्पंजाची एक गाळणी, जी आधींपासून मोठ्या टाकींत चालवून तयार ठेवलेली असावी. नवा मासा आला कीं तो प्रथम येथें तीस दिवस राहील. रोग यावयाचा असेल तर येथें येईल, आणि औषध द्यावयाचें असेल तर येथेंच देतां येईल. कारण येथें तांबें शोषणारी वाळूहि नाहीं आणि मरणारी कोळंबीहि नाहीं. बांधणी न केलेलें साधें तांबें वापरावयाचें तर तें एका लिटरांत ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम इतकें रोज मोजून, दोनतीन आठवडे अखंड ठेवावें लागतें. कमी झालें तर जंतु जगतो, फार झालें तर मासा मरतो. शाळेच्या हातून एवढी बारीक मापें रविवारीं व सुटीच्या दिवशीं सांभाळलीं जातील, याची मला खात्री नाहीं.

म्हणून पांढऱ्या ठिपक्यांसाठीं मला दुसरा उपाय अधिक पसंत आहे. त्यांत औषधच नाहीं, फक्त हिशेब आहे. जंतूनें माशाला सोडल्यापासून कवच फुटेपर्यंत निदान तीन दिवस जातात. तर मग दर तिसऱ्या दिवशीं मासा दुसऱ्या, धुवून पूर्ण वाळविलेल्या टाकींत, तितक्याच क्षारतेच्या व उष्णतेच्या ताज्या पाण्यांत हलवावा. मागें राहिलेलीं कवचें जुन्या टाकीबरोबर वाळून मरतात. असें चार वेळां केलें कीं माशावर नवा जंतु बसावयास उरत नाहीं. दोन टाक्या, किंवा दोन स्वच्छ बादल्या व हवेचा एक पंप, एवढ्यावर हें होतें. सोनेरी धुळीच्या रोगावर हा उपाय चालत नाहीं, हें मात्र विसरूं नये. इकडे मोठी टाकी माशांवांचून ठेवावी लागते. निदान सहा आठवडे, आणि काळजी घेणारे लोक अडीच महिने ठेवतात. अडीच महिने प्रवेशदालनांत बिनमाशांची टाकी! पाहुणे काय म्हणतील, असा प्रश्न बैठकींत निघाला. त्यांना रोगाचें कारण सांगणारा कागद कांचेवर लावावा, असें मीं उत्तर दिलें.

यावर एक आक्षेप असा कीं, मासा कांहींशें रुपयांना मिळतो. दुसरी टाकी, मापनाचीं साधनें व वेळ यांचा खर्च त्याहून अधिक. तेव्हां मेला तर नवा आणावा हेंच शहाणपणाचें. दुकानाच्या हिशेबानें हें खरें असेल. पण नवा मासा म्हणजे नवा रोगहि, हें त्या हिशेबांत धरलेलें नाहीं. शिवाय समुद्रांतले कित्येक शोभेचे मासे अद्यापि प्रवाळांतून पकडून आणलेले असतात, आणि फिलिपाइन्स व इंडोनेशिया या देशांत त्यासाठीं सायनाइड वापरल्याचें सर्वश्रुत आहे. एका माशासाठीं किती प्रवाळ मेलें हें पिशवीवर लिहिलेलें नसतें. आमचे एक सहकारी म्हणाले कीं, समुद्रांतील माशांवर मनुष्याला सत्ता दिलेलीच आहे. दिली आहे, पण ज्यानें दिली तो हिशेबहि घेणार आहे, असें मी मानतों, आणि चाळीस मुलांच्या देखत सहा मासे मरूं दिले त्याचा हिशेब मला सोपा वाटत नाहीं. पुन्हां मासे आणावयाचेच असतील तर क्लाउन माशासारखे, जे उत्पादनगृहांत जन्मलेले मिळतात, तेवढेच आणावे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनें आपल्याच देशांत त्यांचें प्रजनन यशस्वी केलें आहे. सर्जन मासा नको. ठिपक्यांच्या रोगाला तो फार लवकर बळी पडतो, आणि चार फुटांची टाकी त्याला पुरतहि नाहीं. हें मला तो मेल्यावर कळलें.

मंडळाचा निर्णय होईपर्यंत छोटी टाकी मीं स्वतःच्या जबाबदारीवर प्रयोगशाळेंत मांडली आहे. तींत मासा नाहीं. नुसती गाळणी चालू आहे व मुलें दर आठवड्यास अमोनिया मोजतात. ती निरीक्षणाची वही मीं त्या मुलीकडून मागून घेतली व चौथ्या दिवसाचें पान पुन्हां वाचलें. ती आतां नववींत गेली आहे. तिनें या वर्षासाठीं नवी वही घातली असून, तींत पट्टीनें रकाने आंखले आहेत. ‘श्वास, एका मिनिटांत’ हा रकाना तिनें तारखेच्या लगेच पुढें घेतला आहे. ‘शिक्षकांची सही’ यासाठीं जागा ठेवलेली नाहीं.